खळ्यावर थांबलेला भुसा

तुम्हाला हवं तेच उत्तर आलं, तर ते तुम्ही पुन्हा तपासता का? खरं सांगा.

मी नव्हतं तपासलं. आणि ज्या गोष्टीमुळे तपासलं, ती मला आजही पटत नाही... बाबांनी छापलेली बुवाबाजीविरोधी पत्रकं आठवडी बाजारात वाटत मी मोठी झाले. भूत, देवी, संकेत — यातलं काहीही मी मानत नाही. तरी वाचकांच्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहिते आहे, कारण घडलेलं लपवणं हीसुद्धा बुवाबाजीच.

माझी पीएचडी विमानाच्या इंजिनातल्या टर्बाइनवर आहे. फिरणारी पाती आणि भोवतीचं कवच यांच्यात बारीक फट असते. तिच्यातून गरम वायू निसटतो, तेवढं इंधन वाया जातं. मी पात्याच्या टोकाला नवा आकार दिला आणि संगणकावर गळती चांगलीच घटली. माझे मार्गदर्शक सर खूश. पेपर पाठवला, आणि दिवाळीनंतर सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात आले.

दुपार होती. आमच्याकडे कित्येक वर्षं कामाला येणाऱ्या सिंधूबाई खळ्यावर सुपाने धान उडवत होत्या. वारा पूर्ण पडलेला, मोहाचं पानही हलत नव्हतं.

"तू तं विमानाचे पंखे बनवते," त्या म्हणाल्या, "मंग मले थोडासा वारा देऊन दे ना."

मी हसले. त्यांनी कंटाळून सूप रिकामं केलं.

भुसा खाली आलाच नाही.

छातीएवढ्या उंचीवर तो तरंगत राहिला... पिवळा, उन्हात चमकणारा, संथ. मग एका कडेने वळून गुंडाळत गेला. तो भोवरा मी ओळखला. पात्याच्या टोकावरून निसटणारा वायू पडद्यावर असाच वळतो, महिनोन्महिने पाहिलाय. भीती अजिबात वाटली नाही. पाण्याखालून वर बघावं तसं सगळं शांत, लांबचं.

"पोरी," सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "वरचा भुसा उलटा जाऊन राह्यला. काऊन?"

खरंच, माझ्या पडद्यावर वरचा थर दुसऱ्या दिशेने जायचा. वरचा थर म्हणजे कवचाची बाजू. गणितात आम्ही पातं स्थिर धरतो आणि कवच सरकवतो... मी ते कुठल्या दिशेने सरकवलं होतं?

भुसा एकदम ताडपत्रीवर पडला.

संध्याकाळी फाइल उघडली. कवचाच्या वेगाला एक उणे चिन्ह द्यायचं राहिलं होतं. ते घातल्यावर माझ्या पात्याचा बहुतेक फायदा गेला. सर फोनवर म्हणाले, पुढच्या पेपरात दुरुस्त करू, कुणाच्या लक्षात येणार नाही. मी पेपर मागे घेतला. पदवी लांबली, सर अजून नीट बोलत नाहीत.

वावटळ म्हणाल, तर ती अशी एका जागी थांबत नाही. चूक माझ्या मनाला आधीच कळली होती म्हणाल, तर सिंधूबाईंनी काय पाहिलं?

गोष्ट गावभर पसरली. आता खळ्याशेजारच्या दगडाला कुणीतरी कुंकू लावलंय, आणि लोक नारळ घेऊन गर्दी करतात. "धान उडवाले जागा नाई उरली," सिंधूबाई वैतागल्यात.

म्हणून विनंती — तिकडे गेलात तर नारळ नेऊ नका. वारा पडलेल्या दुपारी एक सूप भुसा सोडा, आणि काय दिसलं ते या सदराकडे लिहून पाठवा. काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा.