वरचं पाणी, तळाचं पाणी

रविवार, मे महिन्याचा दुसरा आठवडा, सकाळी सात. हजर: मी, सासूबाई, धाकटे दीर. जागा: वाडीतल्या बावखलाचा काठ.

बावखल म्हणजे आमचं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि त्यावर उन्हाळाभर वाडी जगते. काठावरच्या भेंडीच्या झाडाची पिवळी फुलं पडून पाण्यावर तांबूस होत जातात. त्यांच्याकडे बघत बसलं की हातातली यादी विसरते.

त्या दिवशी यादीत एकच काम होतं. पानवेली कडेने करपत होत्या. सासूबाईंनी लग्नानंतर माहेरून आणलेल्या वेलींची ही शेवटची ओळ. ती गेली की बेणंच संपणार.

दीर म्हणाले, "वहिनी, वहीत लिहून वेली हिरव्या होत असत्या तर मी पंप विकला असता."

आमच्याकडे समुद्र जवळ, उन्हाळ्यात जमिनीखालून खार चढतो आणि पाणी खारट होतं. म्हणून सासूबाई रोज सकाळी ओंजळभर पाणी चाखतात आणि मी चव टिपते. महिनाभर वहीत रोज 'गोड' होतं, आणि पानं तर मीठ लागल्यासारखी. शेवटी मी मागच्या पानावर हळूच लिहून ठेवलं होतं: आईंची जीभ, डॉक्टरांना दाखवणे.

त्या सकाळी मी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि बाटली तळापर्यंत सोडली. बूच ओढलं. बुडबुडे सावकाश वर आले, फुलांमध्ये फुटले. बाटलीतलं पाणी सासूबाईंनी जिभेवर घेतलं आणि थुंकलं.

"हे कुठलं?"

"इथलंच. तळाचं."

त्यांनी पंपाच्या पाइपाकडे पाहिलं, मग दिरांकडे. "आपला जुना रहाट वरचं पाणी घ्यायचा. तू पाइप कुठे सोडलास?"

पाणी खाली गेलं, पंप हवा ओढायला लागला, म्हणून दिरांनी महिन्यापूर्वी पाइपाचं तोंड तळाला टेकवलं होतं. सासूबाई वरचं चाखत होत्या, वेली तळाचं पीत होत्या.

मी बराच वेळ तिथेच बसले. इतकी वर्षं पाहिलेल्या त्या हिरव्या पाण्यात दोन पाणी एकमेकांवर निजली होती, आणि गोड्या पाण्याचा थर साडीच्या पदराएवढा पातळ वाटत होता.

दिरांनी पाण्यावर तरंगणाऱ्या निळ्या रिकाम्या पिंपाला पाइप बांधला. आता त्याचं तोंड पाण्याखाली हातभरच लोंबतं. पंप सकाळी अर्धा तास चालतो, मग आम्ही पाणी स्थिर होऊ देतो.

आज दहा दिवस झाले. दोन वेलींना नखाएवढी पालवी फुटली आहे. बाकीच्यांचं अजून सांगता येत नाही. यादीतल्या कामावर खूण झाली. मागच्या पानावरची ती ओळ तेवढी खोडायची आहे, आणि खोडण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवायची आहे. काल त्यासाठीच वही उघडली, तर त्यांनी भरलेली ओंजळ माझ्यापुढे धरली. मी पाणी प्यायले आणि वही मिटली.