निंबानाना आणि अंगणातली घरगाडी

निंबानानांनी धुळ्याच्या रस्त्यांवर उभी हयात बस चालवली. साखरेच्या आजारानं नजर अधू झाली, लायसन पुन्हा मिळालं नाही, आणि नाना पिंप्राळ्याच्या घरी येऊन बसले. बसले म्हणजे अगदी बसलेच.

पुतण्या भूषणनं घरगाडी घेतली. आत पलंग, ओटा, सगळं. दोन सहली झाल्या आणि पुण्यात त्याच्याकडे ती उभी करायला जागा नाही म्हणून ती नानांच्या अंगणात येऊन थांबली. "नाना, लक्ष ठेवा," एवढंच तो म्हणाला.

नानांना तेवढं पुरलं. रोज आंघोळ झाली की गाडीपुढे कापूर लावायचा, वर चढून किल्ली फिरवायची, हात स्टिअरिंगवर ठेवून बसायचं. कापूर विझला की इंजिन बंद. डेपोतही ते असंच करत. फरक एवढाच, की तिथं बस नंतर दिवसभर धावायची.

"जा, मन्ही सवत वाट पाही राहिनी," कुंदाबाई चहा ओतता ओतता नवऱ्याला चिडवायच्या. नाना हसत नसत. दिवसातली तेवढीच वेळ त्यांना आपण अजून ड्रायव्हर आहोत असं वाटे.

दिवाळीला आलेल्या भूषणनं किल्ली फिरवली. नुसतं टक्.

नाना हबकले. "अशी कशी मरी? दिवे लागतस, पंखा फिरस, घरातून वायर दिली शे. अन् मी रोज चालू करस!"

"तेच तर, नाना. वायरवर आतली बॅटरी चार्ज होते, दिव्यापंख्याची. इंजिन उठवणारी वेगळी. किल्ली मारली की तिच्यातून भसकन करंट जातो. तो भरून यायला गाडी चांगली लांब पळायला लागते. तुम्ही रोज काढत गेलात, भरलं काहीच नाही."

नाना पायरीवर टेकले. इतके महिने जपलं म्हणायचं, आणि आपल्याच हातानं तिला मारत आणलं.

भूषण रागावला नव्हता. त्यानं बाजारातून लहानसा चार्जर आणून त्या बॅटरीला जोडला. "आता हा लावून ठेवायचा. चालू करायची गरजच नाही. तुमचा रोजचा त्रास वाचला."

"त्यांना तो त्रास नव्हता रे," कुंदाबाई हळूच म्हणाल्या.

भूषण ओशाळला. "मग कधीतरी करा सुरू. एखाद्या वेळेनं काही होत नाही."

नानांनी किल्ली बराच वेळ तळहातावर धरली. आपण एखाद्या वेळेवर थांबणार नाही, पुन्हा रोज सुरू करू, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"तूच ली जाय," ते किल्ली पुढे करत म्हणाले. "घरमा राहिनी ते मी फिरावसूच."