कमांडर दाराबाहेर

ग्वाल्हेरबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात मी शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. लांबच्या अंतराळ मोहिमेत माणसं एकमेकांना कशी सांभाळतात ते बघायचं, म्हणून कॉलेजनं मागच्या मैदानात पत्र्याचं एक यान उभारलं. चौघांनी त्यात दोन आठवडे कोंडून घ्यायचं आणि बाहेरच्यांशी फक्त माइकवरून बोलायचं.

भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांनी स्वतःच स्वतःला कमांडर नेमलं. त्यांचे पूर्वज म्हणे दरबारात होते, त्यामुळे नेतृत्व रक्तातच. बाकी मी, बिर्लानगरची एक तरुण इंजिनिअर आणि सैन्यातून निवृत्त झालेले एक काका.

संडास धुवायची पाळी आली की साहेबांची पाठ धरायची. मग ते गादीवर पडून, अंतराळवीर कामं कशी वाटून घेतात ते आम्हाला समजावत. पिण्याचं पाणी मोजून मिळायचं, तरी यांची दाढी रोज. कॅमेरा होता ना!

एका दुपारी वीज गेली. मे महिना, पत्रा तापलेला, पंखा बंद, आणि जनरेटर काही सुरू होईना. साहेब ताडकन उठले.

"मी बाहेर जाऊन बघतो. घाबरू नका, आपण एक टीम आहोत."

गेले. आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलो, पुठ्ठ्यानं आळीपाळीनं वारा घातला. काही वेळानं वीज आली, साहेब आले नाहीत. संध्याकाळी माइकवर आवाज आला, "मॅडम, मी आता इथूनच कमांड करतो. बाहेरून जास्त स्पष्ट दिसतं." त्यांच्यामागे कूलर घरघरत होता.

पुढचे दिवस बरे गेले. भांडलो नाही असं नाही. काकांच्या घोरण्यावरून ती मुलगी दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या सकाळी काकांनी तिच्या वाट्याचा संडास धुऊन टाकला आणि त्या रात्रीपासून कुशीवर झोपायला लागले. त्यावर व्याख्यान कुणी दिलं नाही.

शेवटच्या दिवशी पुढच्या दाराशी पाहुणे, पत्रकार जमले. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक. फटीतून पाहिलं तर इस्त्रीचा निळा पोशाख घालून साहेब उभे.

"उघडा पटकन. चौघांनी एकत्र बाहेर यायचंय."

मुलगी दाराच्या फटीशी गेली. "सर, मिशन संपल्याशिवाय दार उघडायचं नाही. ये नियम तो आपने ही बनाया था."

"अगं, मी कमांडर आहे!"

"तो बाहर से कमांड कीजिए ना, सर."

मग त्यांनी फटीतून मला हाक मारली. "मॅडम, तुम्ही तरी. आपण मराठी माणसं." इतकं हलकं बोलणं मी क्वचितच ऐकलं असेल. मी दाराची कडी नीट बसली आहे ना ते बघितलं.

आम्ही तिघंच बाहेर आलो. पेपरात मुलाखत मात्र त्यांची छापून आली.

परवा टोपी बाजारात ते पत्नीबरोबर भेटले. बाई साध्या, मोकळ्या. कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हीपण होतात ना यानात? हे घरी येऊन म्हणाले, आतली माणसं फार घाबरट निघाली, रडायलाच लागली. म्हणून यांना मदत आणायला बाहेर पडावं लागलं."

मी साहेबांकडे बघितलं. ते एका दुकानातल्या पगड्या फार बारकाईनं न्याहाळत होते.

बाईंना खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्या माणसासाठी तेवढंही तोंड उघडायची माझी इच्छा नव्हती. "येते," असं बाईंना म्हणून मी पुढे निघाले.