गव्हातला उंचवटा

गव्हाच्या शेतात मधोमध गवताचा एक गोल उंचवटा होता, पालथ्या परातीसारखा. बायको वारल्यावर मुलीने मला इंग्लंडला आपल्याकडे आणलं होतं. तीच दाखवत होती.

"बाबा, ही हजारो वर्षांपूर्वीची कबर. आत कोण आहे, कुणालाच माहीत नाही."

ट्रॅक्टर कबरीला वळसा घालून गेल्याच्या खुणा दिसत होत्या. नाव नाही, गाव नाही, तरी त्या माणसाची जागा राखलेली. हिच्या अस्थी नदीत सोडल्या तेव्हा पाणी लगेच पहिल्यासारखं वाहू लागलं होतं. ते आठवलं, पण आत काही हललं नाही. वारा कानाला झोंबतोय, एवढंच कळत होतं.

निघताना सवयीने तोंडून निघालं, "बरं, येतो."

मुलगी दचकली. "बाबा, अशा ठिकाणी येतो म्हणतात का?"

खरंच. आपल्याकडे मयताच्या घरूनही कुणी तसं म्हणून निघत नाही. आम्हाला भेटायला आलेले सगळे मुकाट जिना उतरून गेले होते. मीही रीत पाळली होती. रोज दाराबाहेर पडताना हिला 'येतो गं' म्हणणारा मी, स्मशानातून काहीच न बोलता निघून आलो होतो.