रॉनच्या जॅकेटवरचे तांबडे डाग

हसा, खुशाल हसा, पण हा किस्सा सांगताना माझी मान आजही वर होत नाही! घ्या, चहा घ्या आधी.

दोन हजार सतरा साल. नॉर्थ यॉर्कला आमच्या शेजारी रॉन नावाचा इंग्रज म्हातारा राहायचा. विंटरभर आम्ही दोघं मिळून ड्राइव्हवेवरचा बर्फ शव्हल करायचो, म्हणून दोस्ती. तरुणपणी गडी इंग्लंडमध्ये स्पीडवे खेळायचा. म्हणजे तांबड्या मातीच्या गोल ट्रॅकवर मोटारसायकल पळवायची, आणि तिला ब्रेकच नाही! त्याची टीम जेमतेम दोन उन्हाळे टिकली. मग स्टेडियम पाडलं, तिथे सुपरमार्केट आलं. संपलं.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या नाटुकल्यात मला मोटारसायकलवाल्याचं काम मिळालं. रॉननं आपणहून टीमचं कापडी जॅकेट काढून दिलं. "जपून हं," एवढंच म्हणाला.

जॅकेटवर छातीपासून खालपर्यंत तांबडे डाग. नाटक झालं, टाळ्या पडल्या, आणि मी जॅकेट घेऊन थेट बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनपाशी!

"अहो, फोन करून विचारा तरी रॉनला!" सौ. जिन्यावरून ओरडली.

"त्यात काय विचारायचं? उसनी आणलेली वस्तू अशी मळकी परत करायची?"

मशीनमध्ये डाग हलेनात. मी काय सोडतोय! भिजवलं, ब्रशनं घासलं, पुन्हा भिजवलं. शेवटी लख्ख! वर कडक इस्त्री. आणि रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डबाभर चिवडा.

रॉननं घडी उलगडली, उलटसुलट करून पाहिली.

"माती कुठे गेली?"

"काढली!" मी छाती फुगवून म्हणालो. "तीन तास लागले!"

तो हळूच खुर्चीत बसला. "शेवटच्या रेसला पडलो होतो, तेव्हाची होती ती. ट्रॅकची तेवढीच उरली होती."

आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण मी म्हणालो, "गार्डन सेंटरमध्ये लाल माती मिळते. आणू का?"

अरे देवा! जीभ कशी झडली नाही माझी!

रॉन हसला, केवळ माझी लाज राखायला. मला मात्र इतकी लाज वाटली, की दोन दिवस मी खिडकीचा पडदासुद्धा उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी तोच दारात. हातात डबा. चिवडा संपलेला, तळाला पिवळं तेल आणि दोन शेंगदाणे.

"धुतला नाही," रॉन म्हणाला. "म्हटलं, आधी तुला विचारावं."