केशरबाईची न ऐकलेली रेकॉर्ड

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात केशरबाई रोजंदारीवर होती. तुरीची फुलं पातळ कापडाच्या पिशवीत बांधायची, पिकलेल्या शेंगा वेगळ्या वेचायच्या, हे तिचं काम. हात झाडावर असले तरी कान मात्र शिवारभर हिंडत असायचे.

केंद्रातले बद्रीनाथ रविवारी दुपारी आपल्या क्वार्टरमध्ये रेकॉर्ड प्लेअर लावत. रेल्वे स्टेशनावरचे रखमाजी औरंगाबादहून मागून आणलेली एखादी रेकॉर्ड घेऊन येत. आणखी दोघंतिघं असत. "या आठवड्यात काय ऐकलं?" असं एकेकाला विचारायचं आणि त्यानं आपली रेकॉर्ड लावायची, असा तिथला रिवाज. केशरबाई पहिल्यांदा आली ती बद्रीनाथांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, निवडलेली डाळ द्यायला. आली आणि दारातच खिळली.

"आत ये की. दारात काय उभी?" द्वारकाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी ती उंबऱ्यापाशी बसली. वर्षभरात सरकत सरकत सतरंजीवर आली. कुणी पुढं ये म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

तिच्यापाशी रेकॉर्ड नव्हती. तिची पाळी आली की निंदायला आलेल्या बायांची एखादी नवी चाल ती गुणगुणून दाखवायची. रखमाजी म्हणायचे, "केशरबाईंची रेकॉर्ड कधी घासत न्हाई बुवा!"

शहात्तर सालच्या थंडीत एकदा तिला विचारलं, तर ती म्हणाली, "काहीच न्हाई ऐकलं. पर घरी एक रेकॉर्ड हाय. कधी वाजलेली न्हाई."

तिचा बाप संपत जलशात गायचा. बाबासाहेबांचे विचार गाण्यांतून गावोगाव सांगणारा तो जलसा. एकदा ही मंडळी मुंबईला गेली, यंत्रापुढं गायली, आणि परतताना संपतनं ही रेकॉर्ड आणली. वर्षाच्या आत तो पटकीनं गेला. केशर तेव्हा पाळण्यात होती. तिच्या आईनं, झुंबरबाईनं, ती रेकॉर्ड तीस वर्षं पेटीत दोन लुगड्यांच्या मधे ठेवली. कुणी मागितली तर म्हणायची, "फुटली तर त्यो दुसऱ्यांदा जाईल." यंदा तीच म्हणाली, "माझे कान तर गेले. तू तरी ऐक."

पुढच्या रविवारी केशरबाई वस्तीवरून रेकॉर्ड छातीशी धरून चालत आली. बद्रीनाथांनी मऊ फडक्यानं ती पुसली. मधल्या गोल कागदावर 'संपत आणि मंडळी' अशी अक्षरं होती. सुई टेकली. आधी खरखर झाली, मग आवाज आला.

विहिरीच्या तळातून यावा तसा जड, संथ आवाज. शब्द कळत नव्हते. केशरबाईनं डोळे मिटून हात जोडले. डोक्याला भलं पागोटं, रुंद छाती, पोटातून येणारा आवाज. जन्मभर तिनं मनात बाप असाच पाहिला होता.

"ह्योच," ती म्हणाली. "असाच असंल, वाटलंच होतं मला."

बद्रीनाथांनी रखमाजीकडे पाहिलं. रखमाजी सतरंजीकडे बघत राहिले. तेवढ्यात द्वारकाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "अहो, रेड्यावानी काय ओरडून राह्यलंय ते? खटका फिरवा की!" आणि केशरबाईचे जोडलेले हात दिसताच त्यांनी जीभ चावली.

बद्रीनाथांनी सुई उचलली. "केशरबाई, चूक माझी. सवयीनं हात तेहतीसच्या वेगावर गेला. ही जुनी, अठ्ठ्याहत्तरची. हिला जल्दी फिरावं लागतं."

"मंग ह्यो कोण व्हता?"

"तेच. पण मागं ओढून धरलेले."

केशरबाईनं रेकॉर्डकडे पाहिलं. तीस वर्षांनी बाप भेटला होता, आणि आता त्याला सोडून दुसऱ्याला आत घ्यायचं होतं.

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली. आणि लगेच, "न्हाई. लावा."

खटका फिरला. ढोलकी उसळली आणि तिच्यावर एक कोवळा, उंच, धारदार आवाज चढला. पोरींना शाळेत धाडा, असं काहीसं तो सांगत होता, आणि आता शब्द न् शब्द कळत होता. गाणं संपायच्या आत सगळं सांगून टाकायचं असावं तशी त्याची घाई. ओळीच्या शेवटी श्वास पुरत नव्हता. घाईनं घेतलेला तो श्वास खोलीत स्वच्छ ऐकू येत होता.

"अगं बाई," द्वारकाबाई पुटपुटल्या, "लेकरूच आहे की गं हे!"

मुंबईला गेला तेव्हा संपत बावीस वर्षांचा होता, असं आई सांगायची. केशरबाईला यंदा तीस भरली होती. ज्याच्या नावापुढं आजवर मान लववली, तो आठ वर्षांनी धाकटा होऊन समोर गात होता. मेलेल्या माणसाचा श्वास, आणि तोही असा ताजा, धापा टाकणारा! ती सतरंजीवरून पुढं सरकली, थेट रेकॉर्ड प्लेअरपाशी. आजवर तिथं बद्रीनाथांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"हळू रे," ती फिरत्या रेकॉर्डला म्हणाली. "कुणी मागं लागलं न्हाई तुझ्या."

गाणं संपलं. चहावर साय धरली होती. कुणीच कप उचलला नाही.

"केशरबाई," रखमाजी हळूच म्हणाले, "मागच्या बाजूला बी एक गाणं हाय."

तिनं वर पाहिलं. मागची बाजू कोरीच असते, असं तिला वाटत होतं. पदराला हात पुसून तिनं रेकॉर्ड कडांना धरून उचलली, आपल्या हातानं उलटली आणि जागेवर ठेवली. बद्रीनाथांनी सुईकडे हात नेला.

"थांबा," ती म्हणाली. "त्याला जरा दम घेऊ द्या."