डोक्यावरचा हंडा

आमच्याकडं बाप्या माणसानं पाणी आणायला कुणाची ना नव्हती. फक्त ते सायकलीवर आणायचं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवले की तो कामाचा माणूस. तेच पाणी हंड्यात भरून डोक्यावर घेतलं की बायल्या. हा कायदा कुणी केला ठाऊक नाही, पण मोडायची माझी छाती नव्हती.

दुष्काळाचं साल होतं. केज तालुक्यातलं आमचं गाव, विहिरींचा तळ दिसायला लागलेला. टँकर गावाबाहेर थांबायचा. मी दूध सोसायटीत सचिव होतो. म्हणजे दूध मोजायचं, फॅट काढायची आणि चेअरमनच्या विनोदाला हसायचं. त्या साली दुधात पाणी घालणं आपोआप बंद झालं. घालायला पाणी आणायचं कुठून?

त्याच उन्हाळ्यात बायकोचं ऑपरेशन झालं. तीन लेकरं झाली होती, पुरे म्हटलं. शिबिरातली नर्स मला आधीच म्हणाली होती, "भाऊ, तुमचं पंधरा मिनिटांचं काम हाय. बाईच्या पोटाला टाके पडत्यात."

मी म्हणालो, "मला गावात राहायचंय, बाई."

मग बायकोच्या पोटाला टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर जड उचलायचं नाही, टाके उसवले तर जिवावर बेतेल. तेव्हा पाणी माझ्याकडं आलं. अर्थात सायकलीवर.

आठव्या दिवशी सायकलीचं पुढचं चाक पार वाकडं झालं. मिस्त्री म्हणाला, दोन दिवस लागतील. घरात लेकरांना प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं. बायको जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ वळायला लागली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि हंडा घेऊन निघालो. खरं सांगतो, जाताना मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

येताना वाट सोसायटीवरून. दूध घालायला आलेली सगळी मंडळी ओट्यावर बसलेली.

"काय वैनी," चेअरमन ओरडला, "पदर कुठाय?"

"सैपाक झाला का रं वैनीचा?" दुसरा.

सगळे हसले. मी पण हसलो. इतकी वर्षं सराव होता ना.

बायको दारातच उभी होती. हंडा उतरवायला तिनं हात पुढं केला. मी करू दिला नाही, स्वतःच उतरवला. तिनं आत वाकून बघितलं आणि खुशीत म्हणाली, "अवं, थेंबसुदिक सांडला न्हाई की! लई बेस आणला. माज्यापरीस बरा."

कौतुकच होतं ते. लग्नाच्या अकरा वर्षांत तिनं माझं इतकं मोकळं कौतुक केलं नव्हतं. मी तिच्या थोबाडीत मारली. मग आणखी मारलं.

हंडा कलंडला. ती खाली बसली होती, एक हात पोटावर. दुसऱ्या हातानं तिनं आधी हंडा सरळ केला. निम्मं पाणी वाचलं.

"कावून मारलं?" तिनं विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. मारायचं चेअरमनला होतं, पण नोकरी त्याच्या हातात होती.

"हळू बोल," मी म्हणालो. "लोक बघतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीत दूध मोजत होतो. ती समोरून गेली, डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर भरलेला हंडा. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काय होतं? मी माप खाली ठेवून उठायला पाहिजे होतं. मी पुढचं दूध मोजलं.

तिसऱ्या दिवशी टाके पिकले. अंगात ताप फणफणला. बीडच्या दवाखान्यात बारा दिवस ती मरणाच्या दारात होती. काय उचललं, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, पाय घसरून पडले." मी शेजारीच उभा होतो. ती वाचली, पण त्यात माझा काही हात नाही. लाज वाटते मला. जिथं वाटायला पाहिजे होती तिथं तेव्हा वाटली नाही.

आता घरात नळ आहे. चेअरमन वारला, मी खांदा दिला. लेकरं पोटापाण्याला बाहेर, घरात आम्ही दोघंच. तिचे गुडघे गेलेत.

परवा दुपारी तिला जोराचा ठसका लागला. मी पटकन तांब्या भरून नेला. ती भिंतीला धरून उठली, खोकत खोकत गेली आणि आधी दार लावून आली. मग माझ्या हातातून तांब्या घेतला.

"लोक बघतील," ती म्हणाली.

टोमणा असता तर सोसला असता. ती खरोखरच माझी अब्रू सांभाळत होती.